वालाच्या बांधावरची बोलण्याची शाळा

यंदा वाल फुलावर यायला उशीर झाला. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, भात आडवं झालं, कापणी लांबली, आणि कापलेल्या खाचरात वालाचं बी पडायला कार्तिक उलटला. एकदा बी पडलं की वालाला पाणी लागत नाही. भाताने मागे ठेवलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. हे पीक मला म्हणूनच आवडतं. कुणापुढे हात पसरत नाही.

सकाळी काठी टेकत मी बांधापर्यंत जातो. थोरला मुलगा धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला असतो, तो झोपेतून म्हणतो, "बाबा, दवात जाऊ नका." मी जातो. वालाच्या फुलाला वास असतो, पण तो सांगता येत नाही. हिरवा, थोडा कडवट, ओल्या मातीत मिसळलेला. त्याचं अत्तर कुणी केलं नाही, करणारही नाही. तो वास आला की मला हस्केल मास्तर आठवतात, आणि मास्तर आठवले की रोममधला एक गुरुजी आठवतो, जो दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आणि ज्याने जन्मात वाल बघितला नसेल. आठवण काही बांधाबांधाने चालत नाही. ती खाचरातून आडवी जाते.

मी चौथी शिकलेला माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या तोंडून रोमचं नाव निघालं की शिकलेले लोक गालातल्या गालात हसतात. हसू देत. त्यांच्यातल्या किती जणांना तो गुरुजी ठाऊक आहे ते मी विचारून बघितलंय.

आमचं गाव रोह्यापासून पायी दीड तासावर. गावाच्या खालच्या टोकाला शनवार तेल्यांची पाच घरं होती. ते यहुदी. त्यांच्या आज्या-पणज्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. बोलणं आमच्यासारखं, बायकांचं लुगडं आमच्यासारखं, देव तेवढा वेगळा. एकेक घर करत ते इस्रायलला गेले. मी विशीतला असताना त्यांचं एकच दार उघडं राहिलं होतं, ते हस्केल मास्तरांचं. मुंबईच्या शाळेत तीस वर्षं शिकवून, बायको वारल्यावर ते गावी परत आलेले. दोन मुलगे होते, ते आधीच तिकडे गेलेले. मास्तर कागदपत्रांची वाट बघत ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. दाराच्या चौकटीवर एक लहानशी डबी तिरकी ठोकलेली होती. आत जाताना, बाहेर येताना तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचे. आम्ही उंबऱ्याला हात लावतो, तसंच ते.

त्या वर्षी कार्तिकात आमच्या घरी कचेरीची नोटीस आली. कूळ कायद्याची. चौथीच्या अक्षरज्ञानाने मी ती वाचली, पण वाचून काही कळलं नाही. कचेरीची भाषा वाचायला चौथी पुरत नाही. मी आणि बाबा ती घेऊन मास्तरांच्या ओट्यावर गेलो.

मास्तरांनी दोनदा वाचली. मग चष्मा काढून बाबांना म्हणाले, "राघू, माघात तुला रोह्याला कचेरीत बोलावलंय. खोतही येतील. साहेब तुला विचारतील, जी जमीन कसतोस ती घ्यायची इच्छा आहे का. तू हो म्हणायचं. तुझा जबाब लिहून घेतील. मग जमीन तुझी."

"आनि नाय बोललो तर?"

"तर नाखूष असं लिहितील. मग ती परत खोतांची."

बाबा पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. मग म्हणाले, "मालकासमोर बोलायचं?"

"मालकांसमोरच."

"मग आमचा गण्या बोलंल." गण्या म्हणजे मी, गणपत.

यात काय अवघड होतं ते आजच्या पोरांना सांगून कळत नाही. आमचे खोत पेणला राहायचे. दरवर्षी वाल निघाले की बाबा पहिली टोपली त्यांच्या अंगणात नेऊन ठेवायचे. एसटीने नागोठणं, तिथून दुसरी गाडी पेणची. लहानपणी मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. पेणच्या गल्लीत शाडूचे गणपती उन्हात रांगेने वाळत ठेवलेले, रंग नाही, डोळे नाहीत, कुणाला अजून हात बसवायचे आहेत. बाबा खोतांच्या अंगणात त्या मूर्तींसारखेच उभे राहायचे. खोत माणूस वाईट नव्हता, हे मी लिहूनच ठेवतो. बाबा एकदा तापाने पडले तेव्हा त्यांनी पेणहून औषध पाठवलं होतं. ते बाहेर यायचे, झोपाळ्यावर बसायचे, विचारायचे, "काय राघू, पाऊसपाणी कसं?"

"मालकांची मर्जी."

"पोराचं लग्न कधी करतोस?"

"मालकांची मर्जी."

कुठलाही प्रश्न असो, उत्तर एकच. आता लोक याला लाचारी म्हणतील. म्हणोत. ती रीत होती. खोतापुढे ‘मला हवं’ म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. त्याच पावसाळ्याआधी पलीकडच्या गावातला एक म्हातारा कचेरीत असाच रीतीने बोलला होता. साहेबांनी विचारलं, जमीन घेणार का. तो म्हणाला, मालकांची मर्जी. कारकुनाने एक ओळ लिहिली, म्हाताऱ्याने अंगठा दिला, आणि घरी येऊन सुनेला सांगितलं की सगळं नीट झालं. नीट काय झालं होतं ते त्यांना पुढच्या नांगरटीला कळलं.

म्हणून मी बोलायचं ठरलं. मी तापट होतो, घशात जोर होता, आणि मला वाटायचं एवढं पुरे. मास्तरांना मी म्हटलं, "मला काय शिकायची गरज नाय. जाऊन ठणकावून सांगेन."

मास्तर म्हणाले, "ठणकाव की. आत्ता ठणकाव. मी साहेब."

मी उभा राहिलो. तीन वाक्यं बोललो आणि पुढे काही सुचेना. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, पाठ फाटलेलं, दोऱ्याने बांधलेलं. म्हणाले, "गणपत, रोम नावाच्या शहरात एक गुरुजी होता. बोलायला शिकवणं हाच त्याचा धंदा."

"बोलायला शिकवायचा म्हंजे? मुक्या लोकांना?"

"नाही रे. कचेरीत कसं बोलावं, ते. तो मूळचा रोमचा नव्हता, लांबून परमुलखातून आलेला. पण राजाने त्याला सरकारी पगार चालू केला. वीस वर्षं पोरांना शिकवलं त्याने."

त्याचं नाव मास्तर घ्यायचे. माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही आणि आता आठवतही नाही. आमच्या घरात त्याचं नाव ‘मास्तरांचा गुरुजी’ असंच पडलं. बाबा खळ्यावर बसल्या बसल्या विचारायचे, "आज मास्तरांचा गुरुजी काय बोल्ला?"

शाळा भरायची दुपारी, आमच्याच शेतात. भात झोडून झालेलं, वाल वीतभर वर आलेला. मास्तर बांधावर घोंगडी टाकून बसायचे, डोक्याला रुमाल. मी खाली वालात उभा. पहिले आठ दिवस त्यांनी मला फक्त हळू बोलायला लावलं. पलीकडच्या बांधावर आई गवत काढत असायची. मास्तर म्हणायचे, आईला ऐकू गेलं पाहिजे, पण ओरडायचं नाही. मी बोलायचो आणि मास्तर हाक मारून विचारायचे, "काय गो वहिनी, काय म्हणाला तुझा मुलगा?" आई कंबर सरळ करून म्हणायची, "काय म्हायत. पुटपुटतोय काय तरी." मला राग यायचा. मी दुसऱ्या दिवशी जायचोच नाही. मग तिसऱ्या दिवशी जायचो.

गुरुजीच्या सगळ्या गोष्टी मी मानल्या असं नाही. बोलताना हात डोळ्यांच्या वर न्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "मग बैल कसा हाकायचा?"

"कचेरीत बैल नसतो, गणपत."

"त्या गुरुजीनं कधी नांगर धरला व्हता?"

"नसावा."

"मग."

तो दिवस मी जिंकलो. पण त्याची एक गोष्ट मला त्या क्षणी पटली. पोरांना मारू नये म्हणायचा तो. दोन हजार वर्षांपूर्वी. मी शाळा चौथीत सोडली ती छडीपायीच. त्या दिवसापासून तो गुरुजी मला आपला वाटायला लागला.

एकदा मास्तर म्हणाले, "आज तू खोतांच्या बाजूने बोल."

मला वाटलं चेष्टा करतायत. "मी? खोताच्या बाजूनं?"

"गुरुजी असंच करायला लावायचा. समोरच्याची बाजू जो बोलू शकत नाही, तो स्वतःचीही नीट बोलू शकत नाही."

मी घोंगडी झटकून निघून आलो. तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "जा की. बोलून बघ. बोल्ल्यानं काय जमीन जाते?" गेलो. वालात उभा राहिलो आणि खोत झालो. माझ्या आजोबांना ही जमीन मिळाली तेव्हा इथे नुसता दगड होता. मी यांच्या तापाला औषध पाठवलं. माझा मुलगा शिकला, त्याला शेती नको, पण माझ्या बापाचं नाव या जमिनीवर आहे, ते पुसायचं म्हणजे मी मेल्यासारखंच. बोलता बोलता मला खोत झोपाळ्यावर एकटे बसलेले दिसायला लागले. राग आला, मास्तरांचाच. ते बांधावर मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "आता तू जमीन माग. आता मागशील ती नीट मागशील."

बोलणं पाठ कसं करायचं याचीही त्या गुरुजीकडे एक युक्ती होती. मनातल्या मनात एका मोठ्या घरातून फिरायचं. एकेका खोलीत एकेक मुद्दा ठेवायचा. बोलताना पुन्हा त्याच घरातून फिरलं की मुद्दे आपोआप हाताला लागतात. मी म्हटलं, "मास्तर, आमच्या घराला दोनच खोल्या, एकीत गुरं." तेव्हा मास्तर म्हणाले, "मग शेत घे."

माझ्या त्या हंगामातला सगळ्यात गोड भाग तो. मी वरच्या खाचरापासून सुरू करायचो. किंजळीच्या झाडापाशी बाबांच्या आज्याचं नाव. वरच्या बांधाशी तो केव्हा फुटला ते. खाली उतरून दुसऱ्या खाचरात किती भात येतं ते. वहाळाच्या पाण्याशी खालचा बांध. दिवसभर मोठ्याने म्हणत हिंडायचो. बाबा मागे मागे, विळा खांद्यावर. मी चुकलो की लगेच, "तिथं आंबा नाय, किंजळ हाय." "तो बांध फुटला नाय, व्हावून गेला. फुटनं येगळं, व्हावून जानं येगळं." मी चिडून म्हणायचो, "बाबा, साहेबाला काय करायचंय त्याच्याशी?" ते म्हणायचे, "साहेबाला नसंल. बांधाला हाय."

पौषात शेंगा भरल्या आणि आम्ही पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, तोंडाला पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. मास्तरांचं खाणं वेगळं, आमच्या मडक्यात कोंबडीही घातलेली. बाबांनी न सांगता नवं कोरं मडकं आणून मास्तरांची पोपटी वेगळी लावली. मास्तर शेंगा सोलायला लागले. मग एकदम त्या गुरुजीचं सांगायला लागले. त्याची बायको अगदी लहान वयात गेली. मग धाकटा मुलगा गेला, पाच वर्षांचा. मोठ्यावर त्याचा सगळा जीव. त्याच्यासाठी बोलण्याचं सगळं शास्त्र लिहून ठेवायचं म्हणून तो हे पुस्तक लिहीत होता, तर तो मुलगाही दहाव्या वर्षी गेला. पुस्तक अर्धं.

बाबांनी विचारलं, "मग?"

"मग पुरं केलं."

"कुनासाठी?"

मास्तरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तेच तर, राघू. दुसऱ्यांच्या मुलांसाठी."

मास्तरांचे मुलगे समुद्रापलीकडे होते. जिवंत होते, पत्रं यायची. बाबांनी फक्त नव्या मडक्यातल्या उरलेल्या शेंगा त्यांच्या पुढ्यात सारल्या.

माघातली ती तारीख आली, आणि आली ती शनिवारी. मास्तर शनिवारी चूल पेटवत नसत, गाडीत बसत नसत, लिहीत नसत. त्यांनी मला आदल्या दिवशी जवळ बसवलं. म्हणाले, "मी येणार नाही. माझी गरजही नाही. एकच लक्षात ठेव, तो गुरुजी सांगायचा की माणूस आधी सच्चा असावा लागतो, चांगलं बोलणं त्याच्या मागून येतं. जा."

कचेरीत साहेब मध्ये, कारकून डावीकडे, खोत खुर्चीवर, मांडीवर छत्री. आम्ही उभे. नाव पुकारलं. मी पुढे झालो आणि किंजळीपासून सुरू केलं. पहिलं वाक्यही पुरं झालं नाही.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मुलगा."

"कूळ कोण आहे?"

"बाबा."

"मग त्यांना बोलू द्या. जबाब त्यांचा आहे. तुम्ही मागे उभे राहा."

तीन महिन्यांचं बोलणं माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी मागे झालो. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती. साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, "राघूबाबा, ही जमीन विकत घ्यायची तुमची इच्छा आहे ना?"

बाबांनी खोतांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "मालकांची मर्जी."

साहेबांनी पुन्हा विचारलं. "मालकांची नाही, तुमची इच्छा विचारतोय."

"मालक करतील ते बरंच करतील."

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. पलीकडच्या गावाच्या म्हाताऱ्याची ती एक ओळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी पुढे झालो असतो तर पट्टेवाल्याने बाहेर काढलं असतं.

तेवढ्यात खोत बोलले. वाईट हेतूने नाही, दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून. "साहेब, माणूस इमानी आहे. तीन पिढ्या आहेत आमच्याकडे. आमच्या आजोबांनी वहाळाचा खालचा बांध घातला, तेव्हापासून."

बाबांनी मान वर केली.

"नाय मालक."

हा शब्द बाबांनी खोतांपुढे कधी उच्चारला नव्हता. त्यांना स्वतःलाही तो ऐकून दचकल्यासारखं झालं असावं, पण बांधाची गोष्ट होती, आता थांबणं त्यांच्या हातात नव्हतं.

"खालचा बांध माज्या आज्यानं घातला. तुमच्या आजोबांनी वरचा घातला, दगडी. तो व्हावून गेला. फुटला नाय, व्हावून गेला. मंग आज्यानं आनि आजीनं डोक्यावरून माती व्हायली. किंजळीपाशी आजून खड्डा हाय, तिथून." आणि ते चालू लागले. उभ्या जागी, पण मी सांगतो, चालू लागले. वरच्या खाचरातून खालच्या, तिथून वहाळाशी, कुठल्या साली कुठे खेकड्यांनी बांध पोखरला, कुठे आईने रात्रभर उभं राहून पाणी काढून दिलं. आवाज मोठा नव्हता. पण दारातल्या पट्टेवाल्यापर्यंत जात होता. कारकुनाचा टाक तसाच हवेत.

ते थांबले तेव्हा साहेब म्हणाले, "मग राघूबाबा, ही जमीन तुम्हाला हवी की नको?"

बाबा खोतांकडे वळले. पायांकडे नाही, तोंडाकडे. "मालक, राग धरू नका. हवी."

खोतांनी छत्रीच्या मुठीवरून एकदा बोट फिरवलं. मग साहेबांना म्हणाले, "लिहा. बांधाचं तो म्हणतो तेच खरं असणार. मी काही बघायला जात नव्हतो."

परतताना आम्ही स्टँडवर चहा घेतला. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी एक बोचही होती, जी सांगायला मला लाज वाटते. तीन महिने मी शिकलो आणि बोलले बाबा.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मास्तर ओट्यावर उभे, आभाळात चांदण्या मोजत. तीन दिसल्या की त्यांचा शनिवार सुटायचा. मला बघून पायरीवर आले. "गणपत, बोललास?"

मी म्हटलं, "बोललो."

का म्हटलं ते आजही सांगता येत नाही. त्यांचं तोंड बघून दुसरं काही निघेना, हे एक. आणि मला तसं म्हणायचंच होतं, हे दुसरं. बाबा मागेच होते. मी वळून बघितलं नाही. मला वाटलं, आता ते म्हणणार, नाय मास्तर. सकाळी बांधासाठी खोताला अडवलेला माणूस तो.

बाबा म्हणाले, "बोलला. समदं बोलला. सायबानं लिव्हून घेतलं."

मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या देवाच्या भाषेत काही पुटपुटले. मग आत जाऊन दिवा लावला आणि पोह्यांचा गोड मलिदा केला, ओलं खोबरं घालून. खाताना म्हणाले, "त्या गुरुजीला आज कळायला हवं होतं." मी हातातला घास तसाच घोळवत बसलो. बाबा दुसऱ्यांदा मागून खात होते.

वैशाखात मास्तर इस्रायलला गेले. दोऱ्याने बांधलेलं पुस्तक घेऊन गेले, दाराची डबी काढून घेऊन गेले. तिकडून एकच पत्र आलं. लिहिलं होतं की तिथल्या मुलांना मी तुझी गोष्ट सांगतो, कोकणातला एक शेतकरी कचेरीत कसा बोलला ती. माझं खोटं समुद्र ओलांडून गेलं होतं. उत्तर लिहायला तीनदा बसलो. मग त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, आणि लिहायचं कारण उरलं नाही.

इकडे माझं नाव झालं. शाळेचा कार्यक्रम, पंचायतीची सभा, लग्नात दोन शब्द, कुणाच्या दहाव्याला दोन शब्द, गणपतला बोलवा. मी बोलायचो. हात डोळ्यांच्या वर न नेता. कचेरीची गोष्ट दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी तिच्यात काहीतरी वाढायचं. बाबा मागच्या रांगेत मांडी घालून ऐकायचे आणि मान डोलवायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्या खोट्याबद्दल बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, वाल दव असतानाच उपटले ना, उन्हात उपटू नका, शेंगा तडकतात. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू येत नव्हतं.

परवा बायको, आमची भागी, पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मोड आलेला वाल चिमटीत दाबायचा की दाणा सुटतो, साल बोटात राहतं. मी जाऊन तिच्यासमोर बसलो. वालाचा वास होता म्हणून असेल, किंवा माझंही वय आता वाट बघत बसण्याचं नाही म्हणून असेल.

म्हटलं, "ऐक गो. कचेरीत मी बोललो नव्हतो. बाबा बोलले होते."

ती सोलत होती. "ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"मामंजींनी. लगीन होऊन आले त्याच सालात, वाल उपटताना. कुठला बांध कुनी घातला तितपासून सांगितलं."

"मग साठ वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी थांबलाव कदी, की मी बोलंन?"

मला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. मी विचारलं, "आणि माझ्या खोटं बोलण्याबद्दल काही म्हणाले?"

तिने हात थांबवला. आठवून आठवून बोलली. "खोटं कुटं, म्हनाले. तीन म्हयने रोज तो शेतात उबा ऱ्हाऊन मोठ्यानं सांगत व्हता. मी मागनं आयकत व्हतो. त्या दिशी तोंड उगडलं तर त्येचंच बोलनं भायेर आलं. मी नुसता उबा व्हतो. मास्तरांना सांगितलं ते खरंच सांगितलं."

म्हणजे साठ वर्षं मी मनात धरून बसलो की माझ्यापायी बाबा एकदा खोटं बोलले. ते खोटं बोललेच नव्हते. बांधाचं असो की माझं.

मी ताटलीतला एक वाल उचलला. चिमटीत धरला, तो निसटला. दुसरा उचलला, तोही निसटला. भागीने ताटली हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "तुमी बोला."

पण त्या दुपारी मला काही बोलता आलं नाही.